छापायचं तर पूर्ण छापा

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या फाटकाशी पत्र्याच्या शेडमध्ये टायपिस्टांची टेबलं असत. नव्वदच्या दशकात त्यातलं एक माझं होतं. बाकी सगळे पुरुष. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, त्यामुळे इंग्रजीत करायचे कागद माझ्याकडे यायचे. पंचनामे, जबाब, मृत्युपत्रं, कधी परदेशी निघालेल्या एखाद्या मुलाचे दाखले. ज्यांच्याकडे मी हे काम शिकले ते एक निवृत्त शिरस्तेदार होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, "साक्षीदार चुकला तर चूकसुद्धा उतरवायची. सुधारायला तुम्ही बसलेल्या नाही." मी ते कायम पाळलं. म्हणजे पाळलं असं मला वाटत होतं.

दशक संपत आलं होतं तेव्हा ओळखीच्या एका वकिलांनी एका परदेशी बाईला माझ्याकडे पाठवलं. ती युरोपातल्या एका मानवी हक्क संघटनेची संशोधक होती. तिची संघटना देशोदेशींचे अहवाल काढायची. या वेळी विषय होता द्राक्षबागांमधली वेठबिगारी. पेठ-सुरगाण्याकडची डोंगरातली माणसं छाटणीच्या हंगामात निफाड, पिंपळगावकडे उतरतात, त्यांना भेटायचं होतं. दहा दिवस दुभाषी म्हणून चल, असं तिने विचारलं. मी तिला पाहुणी म्हणते, कारण पाड्यापाड्यावर लोक तिला तसंच म्हणत.

पाहुणी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी तिच्यावर राग काढतेय. टाचा फुटून रक्त येईपर्यंत ती डोंगर चढली. मिळेल ती नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी तिने मुकाट्याने खाल्ली. लहान मुलांशी बोलताना ती जमिनीवर बसायची. पण तिच्या हातात एक छापील प्रश्नावली होती आणि ती प्रश्नावली तिच्या देशात, आम्हाला कुणाला न पाहता तयार झालेली होती.

चौथ्या दिवशी आम्ही पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावर पोचलो. कुडाच्या भिंतींचं घर. दारात एक माणूस बसलेला, साधारण पस्तिशीचा, पण हात म्हाताऱ्यासारखे थरथरणारे. डोळ्यांनी त्याला जवळजवळ दिसतच नव्हतं. त्याची बायको माझ्याच वयाची. गेल्या हंगामात दोघं एका बागेत कामाला होते आणि तिथेच तो आजारी पडला होता. पाहुणीला तिचा जबाब हवा होता.

ती बाई बोलायची ती तिकडच्या कोकणा आदिवासींची बोली, कोकणी. मला ती समजायची, पण बोलता येत नव्हती. इथे तिचं बोलणं मी माझ्या कानाला आलं तसं लिहितेय. तेही तिचं तंतोतंत नाही.

पाहुणीने प्रश्न वाचला, मी मराठीत विचारला, "मळ्यातून बाहेर जायची मोकळीक होती का?"

ती म्हणाली, "जायचं कुठं? घर इकडं डोंगरात. मालकानं मळ्यातच ठिवून घेतलं आमाला. शेड दिली, लाकडं दिली."

मी इंग्रजीत सांगताना 'ठेवून घेतलं'साठी 'केप्ट' हा शब्द वापरला. पाहुणीचं पेन जरा जोरात चाललं. शेड आणि लाकडं मी सांगितली, पण तोवर ती पुढच्या प्रश्नावर गेली होती. मीही थांबवलं नाही. ऊन चढत होतं, अजून तीन घरं बाकी होती.

"नवरा आजारी पडला तेव्हा मालकाने काय केलं?"

"जीपमधी घातला न नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेला. दोन दिस येऊन बघून गेला. मंग नाय आला. औंदा कामालाबी नाय बोलवलं."

मग न विचारता ती सांगायला लागली. नवरा रोज सकाळी औषध मारायचा. पाठीवरचा पंप गळका होता. औषध पाठीवरून कमरेपर्यंत ओघळायचं. तोंडाला बांधायला तिने स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून दिला होता. एक दिवस तो वेलींच्या ओळीतच उलट्या करत बसला आणि मग त्याला काही दिसेना.

"किती वेळा मारायचे औषध?" हा प्रश्न माझा होता. प्रश्नावलीत नव्हता.

"घडावर डाग दिसला का मारायचं. माल भायेर जातो म्हणं. भायेरच्या लोकाला डाग चालत नाय." मग तिने पाहुणीकडे बोट केलं. "ही भायेरचीच ना? ताई, तू इचार हिला. डाग असला तर काय हुतं?"

मी विचारलं. पाहुणी ओशाळून हसली. म्हणाली, आमच्याकडे दुकानात लोक डागी फळ उचलत नाहीत. ते तिने लिहून घेतलं नाही.

बाई आत गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. औषधाचा रिकामा डबा, बागेतून आणलेला. पुढच्या पेरणीसाठी त्यात तिने नागलीचं बी भरून ठेवलं होतं. डब्यावरचं सगळं इंग्रजीत होतं. "काय लिवलंय?" तिने विचारलं. मी वाचत गेले आणि सांगत गेले. तोंडाला मुखवटा लावा, हातमोजे घाला, अंगावर सांडलं तर लगेच धुवा, रिकामा डबा घरात वापरू नका. सूप आणून तिने सगळं बी त्यात ओतलं, डबा उचलला आणि घरामागे जाऊन पुरून आली. हात धुऊन परत समोर बसली आणि म्हणाली, "अजून काय इचारायचंय?"

परतताना सावळघाटात मी पाहुणीला म्हटलं, "हे डब्याचं आणि डागाचं येईल ना अहवालात?"

"ते महत्त्वाचं आहे," ती म्हणाली, "पण आमच्या मॅन्डेटमध्ये बसत नाही. आमचा विषय वेठबिगारी आहे. कीटकनाशकांवर दुसऱ्या संघटना काम करतात."

"तिने सांगितलं ते सगळं एकाच माणसाच्या बाबतीत घडलंय. त्याला कुठल्या संघटनेत किती वाटायचं?"

तिने प्रश्नावली पिशवीत टाकली. म्हणाली, "मी प्रयत्न करीन."

सात-आठ महिन्यांनी अहवाल टपालाने आला. गुळगुळीत कागद, सुंदर छपाई, पहिल्या पानावर दुभाष्यांचे आभार. त्या बाईचं नाव बदललं होतं, पण तालुका, हंगाम, नवऱ्याचा आजार यावरून माहितीतल्या कुणालाही ती ओळखता आली असती. तिच्या तोंडी अवतरणचिन्हांत चार ओळी होत्या. त्यांचं मराठी असं होईल: 'मालकाने आम्हाला मळ्यात डांबून ठेवलं होतं. आम्हाला जायला जागा नव्हती. फवारणी करताना माझा नवरा आजारी पडला. त्याला आता दिसत नाही.' त्याखाली संघटनेचं वाक्य होतं की अशा मजुरांना बहुधा वैद्यकीय मदत मिळत नाही.

ते 'बहुधा' मी पुन्हा पुन्हा वाचलं. कोर्टात असा शब्द घालून कुणी जबाब लिहिला असता तर शिरस्तेदारांनी कागद फाडला असता. जीप नव्हती, दवाखाना नव्हता, गळका पंप नव्हता, डबा नव्हता. बाहेरच्या लोकांना डाग चालत नाही, हेही नव्हतं. त्या देशातल्या दुकानांचा उल्लेख शंभर पानांत एकदाही नव्हता. दुसऱ्या बागांत खरोखर अडकवलेल्या दोन घरांचे जबाब मात्र मी ताडून बघितले, ते जसेच्या तसे होते.

आणि 'डांबून ठेवलं' याला मीही जबाबदार होते. 'ठेवून घेतलं' म्हणजे राहायला जागा दिली. घरी आलेल्या भाचीला आपण आठ दिवस ठेवून घेतो. मी घाईत 'केप्ट' म्हणून मोकळी झाले, ज्याचा अर्थ अडकवून ठेवलं असाही होतो. मग कुणीतरी दूरच्या टेबलावर तो शब्द आणखी घट्ट आवळला. मी म्हटलं होतं त्यात फक्त अर्धी चूक होती, पण ती अर्धी माझीच होती. त्या दिवशी मी शेडमधलं एकही काम केलं नाही.

आठवडाभरात अहवालाची बातमी इथल्या एका दैनिकात आली. मथळ्यात 'परदेशी कारस्थान' असा शब्द होता. नाशिकची द्राक्षं बदनाम करण्यासाठी हा डाव रचला असून त्याला स्थानिक हस्तकांची साथ आहे, असं त्यात लिहिलं होतं. बातमी लिहिणाऱ्याने मला विचारलं नव्हतं आणि पाड्यावर तर कुणी गेलंच नव्हतं. तालुक्याच्या एका अधिकाऱ्याचं म्हणणं मात्र छापलं होतं: असा कोणताही प्रकार आमच्या निदर्शनास आलेला नाही.

दोन दिवसांनी बागायतदारांच्या एका संघटनेचे अध्यक्ष माझ्या टेबलापाशी आले. सोबत दोघं जण. अध्यक्ष भला माणूस. मोठ्याने न बोलणारा, स्वच्छ पांढऱ्या कपड्यातला. त्यांनी स्टॅम्पपेपर माझ्यापुढे ठेवला. मजकूर टाइप करूनच आणला होता. मी दुभाषी म्हणून हजर होते, कोणत्याही मजुराने कोणतीही तक्रार केली नाही, अहवालातला सर्व मजकूर काल्पनिक आहे.

"ताई, फक्त सही करायची," ते म्हणाले. "काही खरेदीदार विचारणा करायला लागलेत. आपल्याच माणसांनी आपली माती करायची का?"

"अहवालातलं काही खोटं आहे, अध्यक्षसाहेब. सगळं नाही."

"काय खोटं आहे तेवढं सांगा, तेवढंच लिहू."

"या नवरा-बायकोला डांबलं नव्हतं. त्यांच्या मालकाने दवाखान्यात नेलं होतं. लिहा. पुढे लिहा की पंप गळका होता, मुखवटा दिला नव्हता, डब्यावरचं कुणी वाचून दाखवलं नव्हतं. माणूस आंधळा झालाय. मी सही करते."

त्यांनी स्टॅम्पपेपरची घडी घातली. "तुम्ही त्यांच्या बाजूच्या आहात की आमच्या?"

"त्या बाईला विचारायला गेला होतात का तुम्ही?"

"तिचं काय विचारायचं, ती अडाणी बाई."

"मग तुमच्यात आणि त्या अहवालात फरक काय राहिला?"

सोबतच्या दोघांपैकी एकाने टेबलावर हात आपटला. अध्यक्षांनी त्याला मागे ओढलं आणि ते निघून गेले. जाताना शेजारच्या टायपिस्टला एवढंच म्हणाले, की हिला जरा समजवा.

मला समजवायचं काम बऱ्याच लोकांनी केलं. दोन वकिलांनी त्यांचे कागद दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. एक दिवस सकाळी येऊन बघते तर माझ्या टेबलावर कुणीतरी खडूने 'परदेशी एजंट' लिहिलेलं. शेजाऱ्याने पुसायला फडकं दिलं. मी ते परत केलं. चार दिवस ती अक्षरं तशीच ठेवून त्यांच्यावरच टाइपरायटर मांडून काम केलं. येणारा प्रत्येक पक्षकार ते वाचायचा. कुणी विचारलं तर मी सगळी हकिकत सांगायची. पाचव्या दिवशी अक्षरं घासून घासून आपोआप गेली.

माझे यजमान सातपूरला एका कारखान्यात लेथवर होते. पहिल्या पाळीहून आल्यावर त्यांनी ती बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, "दोन्हीकडून मार खाशील."

"खाईन."

"मग आधी ज्याच्यासाठी खायचा त्याला जाऊन विचार तरी."

ते खरं होतं. तोवर मीही त्या बाईला विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी पेठच्या गाडीत बसले, पुढे काळीपिवळी जीप केली आणि शेवटचा तुकडा पायी गेले. अहवाल पिशवीत होता.

तिने मला ओळखलं. मी दोघांसमोर बसून तिचं पान मराठीत वाचलं, सावकाश, एकेक वाक्य. माझा शब्द कसा चुकला तेही सांगितलं. ती ऐकत होती. तिच्या नवऱ्याने मान वर करून विचारलं, "डांबलं? मला?"

"असं छापलंय."

"मी काय ढोर हाय का? मी माझ्या पायानं गेलो कामाला." त्याने अहवालाच्या दिशेने हात झटकला. "माझं पोट हुतं म्हून गेलो. उद्या दिसाया लागलं तर परत जाईन. पण मुखवटा मागून घेईन."

बाईने ते पान हातात घेतलं. मग म्हणाली, "ताई, हे माझं नाय. मी सांगितलं ते कुठं गेलं?"

"राहिलं."

"राहिलं कसं? मी दोन घंटं बोलले. ती समोर बसून लिवत हुती."

मी वही काढली. मी म्हटलं, "पुन्हा सांगतेस? मी लिहिते. लिहून झालं की तुला वाचून दाखवते. तुला पटेल तेवढंच ठेवू."

मग आम्ही लिहायला बसलो. मी आजवर शेकडो जबाब उतरवले असतील, पण असा एकही नाही. प्रत्येक वाक्यापाशी ती थांबवायची. 'मालक चांगला होता' असं मी लिहिलं तर म्हणाली, "चांगला न वाईट तू नको ठरवू. जीपमधी नेलं ते लिव. मंग आला नाय तेबी लिव." मी 'विषारी औषध' लिहिलं, तर तिने विचारलं, हा शब्द मी बोलले का? नव्हती बोलली. खोडला. 'बाहेरच्या लोकांना डाग चालत नाही' हे वाक्य मात्र तिने वर घ्यायला लावलं, अगदी सुरुवातीला. "तितूनच सुरू हुतं ना सगळं," ती म्हणाली.

आणि तिने आणखी एक केलं. खोटं नाव काढायला लावलं. मी घाबरले. म्हटलं, काम मिळणार नाही, लोक त्रास देतील. ती म्हणाली, "आता तरी कुठं बोलवतात? माझं नाव घालून माझं म्हणणं घाल. दुसरीचं नाव घालून दुसरंच म्हणणं घालायचं, ते आता बास." साक्षरता वर्गात ती सही शिकली होती. शेवटी तिने सही केली, एकेक अक्षर दाबून. नवऱ्याने त्याखाली अंगठा दिला.

त्या जबाबाच्या तीन प्रती मी टाइप केल्या. एक इंग्रजी करून पाहुणीच्या संघटनेला, एक त्या दैनिकाला, एक बागायतदारांच्या अध्यक्षांना. प्रत्येकीला माझं पत्र जोडलं, त्यात माझी चूक कबूल केली.

पहिलं उत्तर दैनिकाकडून आलं, म्हणजे छापूनच आलं. मथळा होता: 'मजूर महिलेनेच पाडला अहवाल खोटा'. डांबलं नव्हतं आणि मालकाने दवाखान्यात नेलं, एवढ्या दोन गोष्टी मोठ्या अक्षरात. बाकीचं काहीही नाही. तिचं नाव मात्र पूर्ण होतं.

तो अंक कुणीतरी पाड्यावर पोचवला. दोन दिवसांनी दुपारी ती माझ्या शेडसमोर उभी. पहिल्यांदाच एकटी नाशिकला आली होती. काखेत अंक.

"हे कुठं छापतात?" तिने विचारलं.

मी टाइपरायटरवर झाकण घातलं आणि तिला घेऊन गेले. दैनिकाच्या कार्यालयात आम्हाला अर्धा तास बसवून ठेवलं. मग संपादकांनी बोलावलं. त्यांनी खुर्ची दिली, ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि अंक त्यांच्यापुढे ठेवला.

"बाकीचं कुठं हाय?"

संपादकांना आधी कळलं नाही. मी मूळ जबाब पुढे केला. ते म्हणाले, जागा कमी असते, महत्त्वाचं तेवढं घ्यावं लागतं.

"महत्त्वाचं कुनी ठरवलं?"

"बाई, तुमच्याच बाजूचं छापलंय ना?"

"हे मालकाच्या बाजूचं हाय. त्या गोऱ्या बाईनं तिच्या बाजूचं घेतलं, तुमी तुमच्या बाजूचं घेतलं. माझ्या नवऱ्याच्या डोळ्याचं कुनीच घेतलं नाय. छापायचं तर पुरं छापा, नायतर माझं नाव काढून टाका."

"छापलेलं नाव कसं काढणार?"

"मंग पुरं छापा."

संपादक माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मी इथे दुभाषी नाही. तुम्हाला तिचं कळतंय." ती उठली नाही. मीही उठले नाही. लोक आत येत होते, जात होते. एकाने चहा आणला. तिने घेतला नाही. शेवटी संपादकांनी कुणाला तरी बोलावून जबाब त्याच्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी तो आतल्या पानावर, जाहिरातींच्या शेजारी, बारीक अक्षरात पण पूर्ण छापून आला. गळका पंप, लुगड्याचा पदर, डबा, सगळं.

संघटनेचं पत्र महिन्याने आलं. फार नम्र होतं. मग एक दिवस त्याच ओळखीच्या वकिलांच्या ऑफिसात पाहुणीचा फोन आला. तिचा आवाज दमलेला होता.

"तुम्ही केलंत ते मला समजतं," ती म्हणाली. "पण आमचे विरोधक आता संपूर्ण अहवाल खोटा म्हणतील. दुसऱ्या बागांमध्ये लोकांना खरोखर अडकवून ठेवलेलं आपण पाहिलंय. त्यांचं नुकसान होईल."

"पाहिलंय," मी म्हटलं. "त्या दोन घरांचे जबाब जसेच्या तसे आहेत, मी ताडून बघितलेत. ते खरे आहेत असं मी इथे सगळ्यांना सांगते, आणि शिव्या खाते. पण त्यांच्या हातात काठी कुणी दिली? हिचा जबाब वाकवला नसता तर त्यांना बोट ठेवायला जागा मिळाली नसती."

"संपादनात लहान करावं लागतं."

"लहान करताना प्रत्येक वेळी इथल्या मालकाचा दोष तेवढा उरतो आणि तुमच्या दुकानांचा गळून पडतो. हे दर वेळी आपोआप कसं होतं?"

ती म्हणाली, "मला ठाऊक नाही. मी लिहिलं होतं त्यात डबा होता. वरच्या लोकांनी तो काढून टाकला."

त्यावर मी तिला माफ केलं का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण ती खोटं बोलली नाही एवढं मी धरून चालते. पुढच्या वर्षीच्या अहवालात, अगदी मागच्या पानावर, दुरुस्ती आली. 'डांबून' शब्द मागे घेतला होता. दवाखान्याचा उल्लेख केला होता. मुखवटा आणि इंग्रजी डबा, दोन ओळींत. परदेशातल्या खरेदीदारांचं वाक्य नव्हतंच. मी पुन्हा पत्र लिहिलं. पुन्हा नम्र उत्तर आलं. मी तिसरंही लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

अध्यक्षांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मात्र दोन-तीन वर्षांनी माल घेणाऱ्या कंपन्यांचे तपासनीस यायला लागले तेव्हा बागांच्या शेडमध्ये खिळ्यांवर मुखवटे लटकले. काही ठिकाणी ते तपासणीच्या दिवशीच खाली उतरत. ती बाई पुढे दुसऱ्या एका बागेत घडातले मणी विरळायला जायची. तिने मला सांगितलं, की तिथे तिने पहिल्याच दिवशी फवारणीवाल्यांना गोळा करून डब्यावरचं वाचून दाखवायला लावलं, मुकादमाच्या पोराकडून, मराठीत. मुकादम चिडला होता. "चिडू दे," ती म्हणाली. नवऱ्याची नजर परत आली नाही. तो दारात बसून दोर वळायचा, हात थरथरायचे तसेच.

मला पुढच्या दहा वर्षांत आणखी काही संघटनांनी बोलावलं. तोवर शेडमधल्या टाइपरायटरच्या जागी संगणक आले होते. मी प्रत्येकाला एकच अट घातली. ज्याचा जबाब असेल त्याला छापण्याआधी तो त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा. दोघांनी सरळ नाही म्हटलं, एवढा वेळ नसतो म्हणून. मी ते काम घेतलं नाही. एका तरुण संशोधकाने हो म्हटलं आणि त्र्यंबकच्या पुढच्या एका वाडीवर जबाब घेऊन झाल्यावर विसरून गाडीत बसायला निघाला. मी जागची हलले नाही.

"परत कशाला वाचायचं?" तो म्हणाला. "तिने आत्ताच तर सांगितलं."

"तिने सांगितलं. तुम्ही काय लिहिलंत ते तिला कुठे माहीत आहे?"

त्याने ड्रायव्हरकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मी ओसरीवर मांडी घातली आणि हात पुढे केला. त्याने वही दिली. जिचा जबाब होता ती म्हातारी पुढे सरकून बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "वाच बघू." पहिल्याच ओळीला तिने मला थांबवलं.